गाडी पिकअप घेत नाही तेव्हा मेकॅनिक जे शोधतो, ते सगळ्यात आधी रुडॉल्फ डिझेलला शोधावं लागलं होतं

घाटात पुढच्या ट्रकला ओव्हरटेक करायचं असतं. तुम्ही गिअर खाली घेता, ॲक्सिलरेटर दाबता आणि गाडी एक-दोन सेकंद काहीच करत नाही. मग एकदम झटका देऊन उचलते, नाहीतर धापा टाकत कशीबशी पुढे सरकते. समोरून एसटी येत असेल तर ते दोन सेकंद किती मोठे असतात हे ज्यानं अनुभवलंय त्यालाच कळतं.

गॅरेजला गेलात की एक जण फिल्टर बदलायला सांगतो, दुसरा इंजेक्टर काढायला सांगतो, तिसरा थेट टर्बोवर येतो. पण जुना जाणता मेकॅनिक तीनच गोष्टी तपासतो. हवा पुरेशी येतेय का? आत आलेली हवा नीट दाबली जातेय का? आणि डिझेल हव्या त्या क्षणी, हवं तेवढं, बारीक तुषार होऊन पडतंय का?

हेच तीन प्रश्न घेऊन जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात एक माणूस चार वर्षं एका लोखंडी सिलिंडरसमोर उभा होता. त्याचं आडनाव आज आपण पेट्रोल पंपावर रोज घेतो, पण ते एका माणसाचं नाव होतं हेच अनेकांना माहीत नसतं. तो माणूस म्हणजे रुडॉल्फ डिझेल.

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसचा. आई-वडील मात्र जर्मन, बव्हेरियाकडचे. वडील थिओडोर हे पुस्तकबांधणी आणि चामड्याच्या वस्तूंचं काम करायचे. घरातच कारखाना, कमाई जेमतेम. लहानगा रुडॉल्फ हातगाडीवर माल घालून गिऱ्हाइकांकडे पोचवायला जायचा. फावल्या वेळात तो पॅरिसच्या तंत्रज्ञान संग्रहालयात जाऊन बसायचा. तिथे क्युन्योची वाफेवर चालणारी जुनी गाडी ठेवलेली होती. तो तिची चित्रं काढायचा.

शाळेत हुशार होता, बक्षीसही मिळालं होतं. पण १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं आणि पॅरिसमधले जर्मन एका रात्रीत शत्रू ठरले. डिझेल कुटुंबाला सगळं सोडून लंडन गाठावं लागलं. तिथे पोट भरायची मारामार. शेवटी बारा वर्षांच्या रुडॉल्फला आउग्सबुर्गला बार्निकेल नावाच्या नातेवाइकांकडे पाठवण्यात आलं. हे बार्निकेल तिथल्या व्यवसाय शाळेत गणित शिकवायचे. पोराच्या आयुष्याला वळण लागलं ते इथे. चौदाव्या वर्षी त्यानं घरी कळवून टाकलं की आपण इंजिनिअर होणार.

आउग्सबुर्गच्या शाळेत एक साधं उपकरण होतं. काचेची नळी आणि तिच्यात घट्ट बसणारा दट्ट्या. दट्ट्या जोरात खाली दाबला की आतली हवा इतकी तापायची की तळाशी ठेवलेला कापूस पेट घ्यायचा. काडी नाही, ठिणगी नाही. सायकलमध्ये हवा भरताना पंप खालच्या बाजूला गरम लागतो ना, तोच हा प्रकार, फक्त जास्त जोरात केलेला. डिझेल इंजिनाची कल्पना या नळीतून आली असं सांगितलं जातं. एका नळीतून अख्खं इंजिन निघत नसतं, पण हवा दाबली की आग लागते ही गोष्ट त्याच्या डोक्यात पक्की बसली असणार.

पुढे शिष्यवृत्ती मिळाली आणि तो म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाला. तिथे त्याला शिकवायला होते कार्ल फॉन लिंडे, आधुनिक फ्रिजच्या तंत्राचा पाया घालणारे प्राध्यापक. एका तासाला लिंडेंनी सांगितलं की चांगल्यातलं चांगलं वाफेचं इंजिनसुद्धा कोळशातल्या उष्णतेपैकी फक्त सहा ते दहा टक्केच कामाला लावतं. बाकीची सगळी वाया. म्हणजे शंभर पोती कोळसा जाळायचा आणि नव्वद पोती धुराड्यातून सोडून द्यायची. रुडॉल्फनं ते वहीत टिपून घेतलं आणि पुढची पंधरा वर्षं ते त्याच्या मनातून गेलं नाही.

१८७९ मध्ये ऐन परीक्षेच्या वेळी त्याला विषमज्वर झाला. परीक्षा हुकली. वेळ वाया जायला नको म्हणून तो स्वित्झर्लंडला सुल्झर बंधूंच्या कारखान्यात काम शिकला आणि जानेवारी १८८० मध्ये परत येऊन उत्तम गुणांनी पास झाला. लिंडेंनी त्याला पॅरिसला बर्फाच्या कारखान्यात नेमलं. १८८३ मध्ये मार्था फ्लाशे हिच्याशी लग्न झालं, तीन मुलं झाली. सगळं मार्गी लागलं होतं.

पण डोक्यात इंजिन होतं. आधी त्यानं वाफेऐवजी अमोनिया वापरून पाहिला. त्या प्रयोगात स्फोट झाला आणि तो मरता मरता वाचला. कित्येक महिने दवाखान्यात काढावे लागले, तब्येतीची आणि डोळ्यांची कायमची तक्रार मागे लागली. १८९० मध्ये तो बर्लिनला आला. लिंडेंच्या कंपनीत असताना काढलेली पेटंटं त्याला स्वतःसाठी वापरता येत नव्हती, त्यामुळे बर्फाच्या बाहेर काहीतरी स्वतःचं करणं भागच होतं.

त्यामागे आणखी एक कारण होतं आणि ते वडिलांच्या त्या घरगुती कारखान्यातून आलेलं होतं. वाफेचं इंजिन अवजड आणि महाग. ते फक्त मोठ्या कारखानदाराला परवडायचं. छोटा विणकर, सुतार, चांभार त्याच्यासमोर टिकणार कसा? रुडॉल्फला असं इंजिन हवं होतं जे लहान असेल, कमी खाईल आणि कारागिराच्या घरात बसेल.

१८९२ मध्ये त्यानं पेटंटसाठी अर्ज केला. फेब्रुवारी १८९३ मध्ये पेटंट मिळालं. त्याच वर्षी त्यानं आपला सिद्धांत पुस्तकरूपानं छापला. कल्पना अशी होती की सिलिंडरमध्ये नुसती हवा घ्यायची, ती प्रचंड दाबायची, ती लालबुंद तापली की त्यात इंधन सोडायचं. ठिणगीची गरजच नाही. आउग्सबुर्ग यंत्र कारखान्याचे प्रमुख हाइनरिश फॉन बुत्स तयार झाले. क्रुप कंपनीनं वर्षाला ३०,००० मार्क मानधन देऊ केलं.

आणि इथेच पहिली गोम होती. पुस्तकातला हिशेब प्रत्यक्षात बसत नव्हता. त्यानं मांडलेल्या सिद्धांताप्रमाणे चालायचं तर हवेवर वातावरणाच्या २५० पट दाब द्यावा लागला असता. तेव्हाचं लोखंड ते सहन करणं शक्यच नव्हतं. शिवाय एवढी हवा दाबायला जी ताकद लागते ती वजा केली तर हातात काही उरतच नव्हतं. रुडॉल्फला हे लवकरच कळलं. त्यानं गुपचूप हिशेब बदलला, दाब खूप खाली आणला, सुधारित पेटंटसाठी अर्जही केला. पण आपलं मूळ पुस्तक चुकलं होतं हे त्यानं जाहीरपणे, मोकळेपणानं कधी कबूल केलं नाही. ही एक गोष्ट त्याला आयुष्यभर छळणार होती.

१८९३ च्या उन्हाळ्यात पहिलं इंजिन उभं राहिलं. ते स्वतःहून फिरत नव्हतं, कारखान्यातल्या पट्ट्यानं त्याला फिरवावं लागायचं. पहिलंच दुखणं निघालं दाबाचं. पिस्टनच्या बाजूनं हवा निसटत होती, त्यामुळे हवी तेवढी उष्णता तयारच होत नव्हती. आजच्या भाषेत सांगायचं तर कॉम्प्रेशन बसत नव्हतं. ते दुरुस्त करून १० ऑगस्टला इंधन सोडलं, तर असा भडका झाला की दाब मोजायला लावलेल्या इंडिकेटरच्याच ठिकऱ्या उडाल्या. जवळ उभी असलेली माणसं थोडक्यात बचावली. पण रुडॉल्फ खूश होता. ठिणगीशिवाय इंधन पेटतं हे सिद्ध झालं होतं.

हा इंडिकेटर म्हणजे काय ते जरा समजून घ्या, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्याभोवती आहे. पिस्टन वर-खाली होताना आतला दाब कसा चढतो आणि उतरतो याची रेघ कागदावर काढणारं हे उपकरण. सिलिंडरच्या आत डोकावता येत नाही, पण ही रेघ पाहून आत काय चाललंय ते कळतं. रेघेला हवी तशी उंची नाही म्हणजे हवा गळतेय. रेघ एकदम टोकदार म्हणजे इंधन एका क्षणात भडकतंय. रेघ शेवटी लोंबतेय म्हणजे इंधन उशिरा जळतंय. रुडॉल्फ या रेघा डॉक्टरनं ईसीजी पाहावा तशा पाहायचा.

१७ फेब्रुवारी १८९४ ला इंजिन पहिल्यांदा स्वतःच्या दमावर फिरलं. मिनिटाला ८८ फेरे आणि तेही जेमतेम एक मिनिट. कारखान्याचा पट्टा इंजिनाला फिरवण्याऐवजी इंजिनच पट्ट्याला ओढायला लागलं हे आधी एका सहकाऱ्याच्या लक्षात आलं. त्यानं काही न बोलता डोक्यावरची टोपी काढली, असं सांगतात.

इथून पुढे सगळं घोडं अडलं ते इंधन फवारण्यापाशी. सुरुवातीला रुडॉल्फच्या मनात कोळशाची भुकटी वापरायची होती, ती कल्पना बाजूला पडून खनिज तेल आलं. पण तेल सिलिंडरमध्ये नुसतं ओतून चालत नाही. थेंब मोठा असेल तर तो बाहेरून जळतो आणि आतून काजळी होतो. धुकं व्हावं इतके बारीक कण हवेत, ते हवेत नीट मिसळायला हवेत, आणि हे सगळं व्हायला हवं पिस्टन वर पोचण्याच्या नेमक्या वेळी. आधीच दाबलेल्या हवेत बाहेरून तेल घुसवायचं तर त्याहून जास्त दाब लागतो. तसा पंप तेव्हा जगात कुणाकडे नव्हता.

रुडॉल्फनं मार्ग काढला. वेगळा कॉम्प्रेसर लावून त्याच्या हवेच्या झोतानं तेल आत फुंकायचं. युक्ती चालली. तेलाचं छान धुकं व्हायला लागलं. पण या कॉम्प्रेसरनं इंजिन जड झालं, नाजूक झालं आणि महाग झालं. कारागिराच्या घरात बसणारं इंजिन आता खोलीभर झालं होतं.

१७ फेब्रुवारी १८९७. म्युनिकचे प्राध्यापक मोरिट्झ श्रोटर यांनी इंजिनाची अधिकृत चाचणी घेतली. कार्यक्षमता भरली २६.२ टक्के. वाफेच्या इंजिनांच्या दहा टक्क्यांच्या जगात हा आकडा म्हणजे बॉम्बच होता. परवाने घ्यायला रांग लागली. अमेरिकेतले बिअरसम्राट अडॉल्फस बुश यांनी अमेरिकेच्या हक्कांसाठी दहा लाख मार्क मोजले. हातगाडीवर माल वाहणारा पोरगा चाळिशीच्या आत लखपती झाला. पुढे त्यानं म्युनिकमध्ये राजवाड्यासारखी हवेली बांधली.

आता जे झालं ते नीट वाचा, कारण डिझेलची खरी शोकांतिका इथे आहे, समुद्रातल्या त्या रात्रीत नाही.

चाचणीच्या खोलीत, हुशार इंजिनिअरच्या नजरेखाली, एका ठरावीक वेगानं चालणारं इंजिन वेगळं आणि गिऱ्हाइकाच्या कारखान्यात दिवसभर राबणारं इंजिन वेगळं. रुडॉल्फचं इंजिन अजून पहिल्या प्रकारातलं होतं, पण विकलं गेलं ते दुसऱ्या प्रकारातलं म्हणून. १८९८ मध्ये केम्प्टेनच्या आगपेटीच्या कारखान्यात ६० अश्वशक्तीचं इंजिन बसवलं. ते सारखं बंद पडायचं. फवारा तुंबायचा, झडपा दगा द्यायच्या, कॉम्प्रेसर रुसायचा. आउग्सबुर्गहून माणसं दुरुस्तीला पाठवावी लागली. डिझेलच्या नावानं उघडलेल्या नव्या कारखान्याची इंजिनं गिऱ्हाइकं परत करू लागली. परवानाधारक कंपन्या कुरकुरायला लागल्या.

इंजिनाचं दुखणं ओळखण्यात रुडॉल्फचा हात कुणी धरला नसता. पण दुखणं आहे हे बाहेर सांगणं त्याला जमलं नाही. पैसे घेऊन झाले होते, नाव झालं होतं. १८९८ च्या शरद ऋतूत तो मनानं आणि शरीरानं कोसळला. त्याला म्युनिकजवळच्या विश्रांतीगृहात ठेवावं लागलं. दुरुस्तीचं खरं काम त्याच्या पश्चात आउग्सबुर्गच्या कारखान्यातल्या लोकांनी केलं, एकेक भाग सुधारत, चिकाटीनं. काही वर्षांत इंजिन भरवशाचं झालं.

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात डिझेल इंजिनाला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. त्याच प्रदर्शनात ओटो कंपनीचं एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चाललं. व्हॉट्सॲपवर फिरणारी जी गोष्ट आहे, की डिझेलनं इंजिन शेंगतेलासाठीच बनवलं आणि म्हणून तेल कंपन्यांनी त्याचा काटा काढला, ती या प्रसंगावरून रचलेली. वनस्पती तेलात त्याला पुढे खरोखर रस वाटला होता, पण इंजिनाचा जन्म त्यासाठी झाला नव्हता.

इंजिन यशस्वी होत होतं आणि त्याचा जनक बुडत होता. हवेलीचा खर्च, जमिनीचे व्यवहार, गॅलिशियातल्या तेल विहिरींत लावलेला पैसा, सगळीकडे खोट आली. १९०३ मध्ये कामगारांच्या सहकारी मालकीवर पुस्तक लिहिलं. दहा हजार प्रती छापल्या, खपल्या काही शे. पेटंटवरून भांडणं चालूच होती.

एक गोष्ट त्यानं सोडली नव्हती, ती म्हणजे लहान इंजिनाची. १९०८ च्या सुमारास त्यानं एक छोटं, वेगानं फिरणारं इंजिन करून पाहिलं, ट्रकसाठीही प्रयत्न केला. पण कॉम्प्रेसर काही सुटेना. मिनिटाला १६० फेरे घेणाऱ्या जुन्या इंजिनात पिस्टनच्या एका खेपेला सुमारे ०.१९ सेकंद मिळायचे. गाडीचं इंजिन २००० फेऱ्यांवर गेलं की तीच खेप ०.०१५ सेकंदात संपते. हवेच्या झोतानं तेल फुंकायचं तंत्र गाडीसाठी इतकं झटपट आणि इतकं नेमकं चालणं अवघड होतं. आणि गाडीचा वेग तर सारखा कमी-जास्त होत राहतो. ॲक्सिलरेटर दाबल्यावर काय होतं ही अडचण रुडॉल्फला दिसत होती, उत्तर मात्र त्याच्या हाताला लागलं नाही.

जहाजांना ही अडचण नव्हती. ती एका संथ वेगानं दिवसेंदिवस चालतात. १९१२ मध्ये सेलांडिया हे डॅनिश जहाज डिझेल इंजिनांवर महासागर ओलांडणारं पहिलं मोठं जहाज ठरलं. पाणबुड्यांनाही हेच इंजिन हवं होतं. त्याच वर्षी रुडॉल्फ अमेरिकेला जाऊन आला, एडिसनला भेटला. नोव्हेंबरमध्ये बर्लिनला त्यानं जहाजबांधणी तज्ज्ञांसमोर आपल्या इंजिनाच्या जन्माची हकिकत मांडली. तिथे प्राध्यापकांनी त्याला धारेवर धरलं. मूळ सिद्धांत आणि प्रत्यक्ष इंजिन यांत अंतर आहे, मग शोध नेमका कुणाचा? वीस वर्षांपूर्वी जे कबूल केलं नाही ते आता भर सभेत पुढ्यात आलं होतं.

२९ सप्टेंबर १९१३. रुडॉल्फ अँटवर्पहून ड्रेस्डेन या बोटीत बसला. इंग्लंडमध्ये कंपनीची बैठक होती. सोबत बेल्जियमचे कारखानदार जॉर्ज कारेल्स आणि इंजिनिअर लुकमान होते. तिघं जेवले, डेकवर फिरले. रात्री दहाच्या सुमारास सकाळी सव्वासहाला उठवायला सांगून रुडॉल्फ आपल्या केबिनमध्ये गेला.

सकाळी केबिन रिकामी होती. अंथरुणावर कुणी झोपलेलं नव्हतं. रात्रीचे कपडे काढून ठेवलेले, घड्याळ पलंगावरून दिसेल असं लावलेलं. मागच्या डेकच्या कठड्याशी त्याची हॅट आणि घडी केलेला कोट सापडला. दहाएक दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात एक मृतदेह दिसला. खलाशांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि देह पुन्हा समुद्राच्या स्वाधीन केला. त्या वस्तू धाकटा मुलगा ऑयगेन यानं ओळखल्या.

निघण्यापूर्वी त्यानं मार्थाकडे एक बॅग दिली होती, आठवडाभरानं उघड असं सांगून. तिच्यात रोख रक्कम होती आणि बँकेतली खाती रिकामी असल्याचे कागद. डायरीत २९ सप्टेंबरच्या पानावर फुली मारलेली होती.

पहिलं महायुद्ध दहा महिन्यांवर होतं. त्यामुळे जर्मन हेरांनी मारलं, तेल कंपन्यांनी मारलं, तो मेलाच नाही तर इंग्लंडला पळाला, असे तर्क तेव्हापासून आजवर चालू आहेत. एकालाही पुरावा नाही. बॅग, कर्ज आणि ती फुली मात्र एकाच दिशेला बोट दाखवतात.

त्याच्या जाण्यानंतर गोष्ट झपाट्यानं पुढे सरकली. प्रॉस्पर लोरांज या इंजिनिअरनं बेन्झ कंपनीत अशी रचना काढली होती की हवेच्या झोताशिवाय तेल फवारता येईल. रॉबर्ट बॉशच्या कंपनीनं १९२७ मध्ये इंजेक्शन पंपाचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केलं. खोलीभर कॉम्प्रेसरच्या जागी हातात मावणारा पंप आला. १९३३ मध्ये जपानच्या मागोकिची यामाओकानं शेतकऱ्याला परवडेल असं छोटं डिझेल इंजिन बनवलं. पुढे आपल्याकडेही विहिरीवर धडधडणारी ऑइल इंजिनं आली, ती याच कुळीतली. यामाओकानं १९५७ मध्ये आउग्सबुर्गच्या बागेत डिझेलच्या स्मरणार्थ दगडांचं जपानी उद्यान उभारून दिलं. १९३६ मध्ये मर्सिडीजची २६० डी ही डिझेल कार आली आणि टॅक्सीवाल्यांनी ती उचलून धरली. मग टर्बो आला, आणि १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ या गाडीतून कॉमन रेल. रेल म्हणजे एक जाड नळी, तिच्यात डिझेल वातावरणाच्या हजार-दोन हजार पट दाबानं तयार उभं असतं आणि कॉम्प्युटरच्या इशाऱ्यावर इंजेक्टर सेकंदाच्या हजाराव्या भागात ते सोडतो.

तरीही गाडी ॲक्सिलरेटरवर अडखळते. का?

डिझेल गाडीचा ॲक्सिलरेटर हा नळ नाही, तो अर्ज आहे. तुम्ही पाय दाबता तेव्हा कॉम्प्युटरला कळतं की ताकद हवी. तो आधी पाहतो की आत हवा किती आहे. हवा कमी असेल तर तो डिझेल मुद्दाम रोखून धरतो, नाहीतर मागून काळा धूर निघेल. म्हणजे हवा कमी पडली तरी बाहेरून वाटतं की डिझेलच मिळत नाहीये. इथेच लोक फसतात आणि चारही इंजेक्टर बदलून बसतात.

हवा कुठे कमी पडते? तुंबलेला एअर फिल्टर, घाण झालेला हवा मोजणारा सेन्सर, काजळीनं उघडाच अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह, टर्बोच्या अडकलेल्या पात्या. आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित म्हणजे टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणारा रबरी पाइप. त्याला चीर गेली की गाडी उभी असताना काही कळत नाही, पण चढावर जोर लावला की चीर उघडते, शिट्टीसारखा आवाज येतो आणि दाब निघून जातो. सायलेन्सरकडचा डीपीएफ काजळीनं भरला तरी इंजिनाचा श्वास कोंडतो.

इंधनाच्या बाजूला पहिला संशयित डिझेल फिल्टर. हळू चालवताना गाडी ठीक आणि जोर मागितला की ढेपाळते, असं असेल तर फिल्टर किंवा त्यात साठलेलं पाणी बघायचं. मग पंप, रेलवरचा दाब सांभाळणारा व्हॉल्व्ह आणि इंजेक्टर. कुठल्या इंजेक्टरमधून किती डिझेल परत टाकीकडे जातंय हे बाटल्या लावून मोजता येतं. ज्याची बाटली इतरांपेक्षा लवकर भरते, तो गळका. हवा आणि इंधन दोन्ही ठीक निघाले तर शेवटी सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे १८९३ सालचं तेच पहिलं दुखणं.

स्कॅनर नुसता कोड वाचायला लावला तर अर्धीच माहिती मिळते. गाडी रस्त्यावर काढून, गाडी अडखळते त्याच क्षणी आकडे पाहावे लागतात. ते पाहायला मेकॅनिक शेजारी बसवा, गाडी चालवता चालवता स्वतः स्क्रीनकडे बघू नका. कॉम्प्युटरनं मागितलेला रेलचा दाब आणि प्रत्यक्षात मिळालेला दाब, मागितलेला टर्बोचा दाब आणि मिळालेला दाब, अशा दोन-दोन रेघा स्क्रीनवर शेजारी धावतात. टर्बोच्या रेघा आधी फाटल्या तर हवेच्या बाजूनं शोधायचं, रेलच्या फाटल्या तर इंधनाच्या. आउग्सबुर्गच्या त्या फुटलेल्या इंडिकेटरची ही नातवंडं.

पुढच्या वेळी गाडी चढावर अडखळली तर गॅरेजमध्ये इंजेक्टर खोलायच्या आधी या रेघा दाखवायला सांगा, आणि तो रबरी पाइप एकदा हातानं चाचपून घ्यायला सांगा.